लांबच्या वाटेवरचा जोडीदार

लांब पल्ल्याच्या मोटारसायकल प्रवासात दोन सोबत्यांचे बोलणे फार थोडे होते. दोन गाड्या दिवसभर पुढेमागे धावतात. इंजिन आणि वारा यांच्या आवाजात शब्द पोचत नाहीत. तरीही संध्याकाळी मुक्कामाला उतरेपर्यंत दोघांना एकमेकांबद्दल बरेच कळलेले असते. वळणाआधी कोण किती लवकर वेग सोडतो, ट्रक ओलांडताना कोण घाई करतो, मागचा दिसेनासा झाला की कोण बाजूला थांबून राहतो, हे नुसत्या पाहण्यातून उमजत जाते. म्हणून असा जोडीदार वारल्यावर त्याची आठवण त्याच्या बोलण्यापेक्षा जागांना जास्त चिकटून राहते. अमुक फाट्यावर तो थांबला होता, अमुक घाटात त्याची क्लच वायर तुटली होती, अमुक टपरीवर त्याने भिजलेले हातमोजे चुलीपाशी वाळत घातले होते, अशीच ती सांगितली जाते. आठवणीचा हा प्रकार रस्त्याशी बांधलेला आहे आणि तो समजून घ्यायला निपाणी-बेळगाव पट्ट्यासारखा प्रदेश मिळणे कठीण.

कागल सोडून दूधगंगा ओलांडली की पुणे-बंगळूर महामार्ग कर्नाटकात शिरतो. पूर्वी त्याचा क्रमांक चार होता, २०१० च्या फेररचनेनंतर तो अठ्ठेचाळीस झाला; जुने लोक आजही ‘एनएच फोर’ म्हणतात. कोगनोळीचा नाका, यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल, मग निपाणी. निपाणीनंतर तवंदीचा घाट आणि स्तवनिधीचे जैन तीर्थ, पुढे हिरण्यकेशीकाठचे संकेश्वर, मग घटप्रभा, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव काकती. त्यानंतर बेळगाव. हद्दीपासून बेळगावपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण या टप्प्यातून पश्चिमेला फुटणाऱ्या वाटा पाहिल्या की दूरच्या दुचाकीस्वारांची इथे एवढी वर्दळ का, ते कळते. निपाणी किंवा संकेश्वरहून आजऱ्यामार्गे आंबोली, बेळगावहून चंदगड भागातून तिलारी, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढ्याकडून अनमोड. पुण्याहून गोव्याला निघालेला आणि बंगळूरहून गोव्याला निघालेला असे दोघेही याच पट्ट्यात घाटाची वाट धरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात गोव्यात दुचाकीस्वारांचे मेळावे भरतात तेव्हा बेळगावच्या पेट्रोल पंपांवर दहा राज्यांच्या पाट्या दिसाव्यात यात नवल नाही.

या वाटांवर माणसे एकमेकांची झाली त्यामागे गाड्यांचाही वाटा आहे. एन्फिल्ड इंडिया ही कंपनी १९५५ मध्ये मद्रासला स्थापन झाली आणि बुलेट लष्करात व पोलिसांत रुळली. बेळगाव ही तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राची छावणी, त्यामुळे बुलेटचा ठोका या शहराच्या कानाला जुना आहे. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला. दरम्यानच्या पस्तीस वर्षांत जावा आणि येझदी कर्नाटकाची घरची गाडी झाली. येझदीत किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच होता. टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. प्लगवर काजळी धरली की गाडी अडून बसे. अशा गाडीवर एकट्याने लांब जाणे धोक्याचे होते. एकाच्या पिशवीत पाने आणि जादा प्लग, दुसऱ्याच्या पिशवीत ऑइलची बाटली आणि क्लच वायर, अशी वाटणी करूनच लोक निघत. बिघाड झाला की दोघांनी रस्त्याकडेला बसायचे, एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने हात काळे करायचे. मैत्री घडली ती या थांबण्यांत. आजच्या गाड्या सहसा बंद पडत नाहीत आणि मोठ्या गटांत पुढचा ‘लीड’ आणि सर्वांत मागचा ‘स्वीप’ आधीच ठरलेले असतात. तरी मागे राहिलेल्यासाठी थांबायचे हा नियम मात्र जुनाच टिकून आहे, आणि कुठल्याही गटाचा खरा कस तिथेच लागतो.

या रस्त्यावर मरणही आहे, आणि ते टाळून जोडीदाराच्या आठवणीबद्दल लिहिता येणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४.५ टक्के होते. निपाणी-बेळगाव पट्ट्यात देशभर आढळणाऱ्या कारणांच्या जोडीला काही अगदी इथली कारणे येतात. ऊस हे त्यांतले मोठे. गळीत हंगामात चिकोडी, हुक्केरी, निपाणी भागातल्या साखर कारखान्यांकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. ट्रॉलीला मागे दिवा नसतो किंवा असला तरी उसाच्या मोळ्यांखाली झाकला जातो. अंधारात ऐंशीच्या वेगाने येणाऱ्याला ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाल परावर्तक पट्टी मोळ्यांवर दिसेल अशी बांधायला फार खर्च येत नाही. ती सगळीकडे दिसत नाही, ही चीड आणणारी गोष्ट आहे. दुसरे कारण फाट्यांचे. सेवा रस्त्यावरून उलट्या बाजूने येऊन महामार्ग कापणारी वाहने गावागावांत आहेत, आणि सहापदरीकरणाच्या कामांमुळे वळवलेले रस्ते त्यांत भर घालतात. तिसरे पावसाचे. चोर्ला आणि आंबोलीत धुके उतरते, वळणावर माती वाहून येते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर वेदगंगेचे पाणी यमगर्णीपाशी महामार्गावर आले आणि वाहतूक ठप्प झाली.

अपघातानंतरचा पहिला तास कोणाच्या हाती असतो हे कळीचे ठरते, आणि बहुधा तो सोबत्याच्याच हाती असतो. परराज्यातला स्वार जखमी झाला तर बरोबरच्याला ना गाव माहीत असते, ना दवाखाना. याच महामार्गावर, बेळगावपासून खूप दक्षिणेला नेलमंगलजवळ, १६ फेब्रुवारी २०१६ रोजी हरीश नंजप्पा हा तरुण मोटारसायकलवरून बंगळूरला परतत होता. गावी जाऊन त्याने पंचायत निवडणुकीत मतदान केले होते. ट्रकने त्याला चिरडले. शरीराचे दोन भाग झालेल्या अवस्थेतही तो मदतीला आलेल्यांना आपले अवयव दान करा असे सांगत होता. त्याचे डोळे दिले गेले. त्यानंतर कर्नाटक सरकारने ‘मुख्यमंत्री सांत्वना हरीश योजना’ आणली. राज्याच्या हद्दीत अपघात झालेल्या व्यक्तीला, ती कुठल्याही राज्याची असो, पहिल्या ४८ तासांत २५ हजार रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळावेत हा तिचा हेतू. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमींना मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, आणि त्याने सद्‌हेतूने केलेल्या मदतीत काही उणे राहिले तरी त्याच्यावर खटला भरता येत नाही. सीमाभागात ही योजना आणि हा कायदा दोन्ही माहीत असणे फार गरजेचे आहे. गाडीच्या पाटीवर एमएच असले तर कर्नाटकात आपल्याला कोण विचारणार, ही शंका इथे अजून मनातून गेलेली नाही. ती असण्याची कारणेही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला तेव्हा बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते.

मेलेल्याची खूण वाटेवर ठेवायची, ही या मुलखाची जुनी रीत. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात देवळांच्या आवारांत आणि गावांच्या वेशींवर वीरगळ दिसतात. वीरगळाची रचना ठरलेली आहे: खालच्या पट्टीत लढाई किंवा गाईगुरांच्या रक्षणासाठी दिलेली झुंज, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेताना, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर आठवण अखंड राहावी म्हणून चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर नावच नाही. तरी गावातल्या लोकांनी शतकानुशतके त्यांना शेंदूर लावला. आधुनिक काळात हीच रीत हुतात्मा स्मारकांत उतरली. भाषावार प्रांतरचनेच्या लढ्यात १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. तो दिवस सीमाभागात दरवर्षी हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. निपाणीत मार्च-एप्रिल १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांतले काही मारले गेले. निपाणीवरून दक्षिणेला जाणारा प्रत्येक स्वार त्या जमिनीवरून जातो. बहुतेकांना ते ठाऊक नसते.

दुचाकीस्वारांच्या स्वतःच्या रीती साध्या आहेत. मित्राच्या पुण्यतिथीला गटाने त्याच्या शेवटच्या वाटेवर जायचे, अपघाताच्या जागी इंजिने बंद करून उभे राहायचे, कोटावर त्याच्या नावाची कापडी पट्टी शिवायची, टाकीवर त्याचे नाव रंगवायचे. कुणी त्याच्या नावाने हेल्मेट वाटतो, कुणी रक्तदानाचा कार्यक्रम ठेवतो. या साऱ्यांत पुन्हा त्याच वाटेने जाण्याला मोल अधिक आहे. तसबिरीला हार घालताना माणूस स्थिर उभा असतो. पण तवंदीचा घाट उतरताना, जिथे तो नेहमी पुढे काढायचा त्याच वळणावर समोरची जागा रिकामी दिसते, आणि तो नसल्याचे तिथे नेमके कळते. हे दुःख कठीण आहे आणि ते टाळू नये. या फेरीत वेगाची स्पर्धा मात्र असता कामा नये. शोकाच्या भरात वेग वाढवणाऱ्या तरुणांना थांबवणे ही गटातल्या जाणत्यांची जबाबदारी आहे.

रस्त्यावरच्या सोबत्याची आठवण लिहून ठेवणाऱ्यांत आल्बेर्तो ग्रानादो या अर्जेंटिनी माणसाचे उदाहरण सर्वांत विस्ताराने पाहण्याजोगे आहे. मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना चे गेव्हारा ओळखीचा झाला तो मुख्यतः अरुण साधूंच्या ‘फिडेल, चे आणि क्रांती’मुळे. चे क्रांतिकारक होण्याआधी, एर्नेस्तो नावाचा दम्याचा आजार असलेला तेवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी होता तेव्हा, ग्रानादोने त्याला पाहिले होते. ग्रानादोचा जन्म १९२२ चा. तो जीवरसायनशास्त्राचा अभ्यासक होता आणि कोर्दोबा प्रांतातल्या कुष्ठरुग्णालयात काम करत असे. एर्नेस्तो हा त्याच्या धाकट्या भावाचा मित्र. ग्रानादोने त्याला रग्बी शिकवली. डिसेंबर १९५१ च्या अखेरीस दोघे ग्रानादोच्या पाचशे सीसीच्या जुन्या नॉर्टन मोटारसायकलवर निघाले. गाडीचे नाव त्यांनी ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलवान, असे ठेवले होते. ती वाटेत सारखी पडत होती, तुटत होती, तारेने बांधली जात होती. चिलीत तिने कायमचा दम तोडला.

त्यानंतरचा प्रवास पायी, ट्रकमधून आणि बोटीतून झाला, आणि त्यांच्या मैत्रीचे मोठे प्रसंग गाडी गेल्यावरच घडले. चिलीच्या तांब्याच्या खाणी, पेरूतला माचू पिचू, लिमामध्ये कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. उगो पेसे यांची भेट, आणि मग ॲमेझॉनकाठची सान पाब्लो कुष्ठवसाहत. तिथे हे दोघे रुग्णांशी हातमोजे न घालता हस्तांदोलन करत, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळत. त्याच काळात वरोऱ्याजवळ बाबा आमटे आनंदवन उभे करत होते, हे मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही. जुलै १९५२ मध्ये कराकसला दोघे वेगळे झाले. ग्रानादोला व्हेनेझुएलातल्या कुष्ठरुग्णालयात नोकरी मिळाली होती. एर्नेस्तो शिक्षण पुरे करायला मायदेशी परतला. पदवी मिळवून पुन्हा ग्रानादोकडे यायचे ठरले होते. १९५३ मध्ये तो निघालाही, पण वाटेत ग्वातेमालाकडे वळला. पुढचे जगाला माहीत आहे.

दोघांची पुन्हा भेट झाली ती १९६० मध्ये, क्यूबात. एक जण तोवर क्रांतीचा नेता झाला होता, दुसरा प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ राहिला होता. पुढच्या वर्षी ग्रानादो कुटुंबासह क्यूबात राहायला आला आणि नंतर सान्तियागोतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या उभारणीला त्याने हातभार लावला. १९६५ मध्ये चे क्यूबा सोडून गेला तेव्हा त्याने ग्रानादोसाठी निरोपाचे चार शब्द लिहून एक पुस्तक मागे ठेवले. ते पुस्तक क्यूबाच्या साखर उद्योगाच्या इतिहासावरचे होते. दोन मित्रांच्या निरोपात उसाचा इतिहास यावा, हे संकेश्वर-निपाणीच्या माणसाला परके वाटणार नाही. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी बोलिव्हियात चेला ठार मारण्यात आले.

ग्रानादोने आपली प्रवासाची टिपणे जपली होती. ती पुस्तकरूपाने १९७८ मध्ये, मित्राच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. चेची स्वतःची प्रवासवही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या दशकात वाचकांपुढे आली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या की एकच पडणे, एकच उपाशी रात्र दोन नजरांनी दिसते. ग्रानादोच्या लेखनाचे मोल हे की त्याने मित्राचा पुतळा केला नाही. त्याच्या पानांत एर्नेस्तोचे दम्याचे झटके आहेत, हट्ट आहे, तोंडावर खरे बोलून टाकण्याची खोड आहे. साऱ्या जगात ज्याची छबी सदऱ्यांवर छापली गेली, त्याला एका माणसाने शेवटपर्यंत प्रवासातल्या सोबत्याच्या रूपात सांभाळले. २००४ मध्ये या प्रवासावर वॉल्टर सालेस यांचा चित्रपट आला तेव्हा ऐंशी ओलांडलेला ग्रानादो चित्रीकरणाच्या ठिकाणी हजर होता. ५ मार्च २०११ रोजी हवानात तो वारला. क्यूबा, अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला या तिन्ही देशांत आपल्या अस्थी विसर्जित व्हाव्यात अशी त्याची इच्छा होती.

निपाणी-बेळगावच्या स्वारांनी ग्रानादोकडून घ्यावी ती ही एक गोष्ट: प्रवास चालू असतानाच लिहावे. छायाचित्रे आज हजारोंनी निघतात, पण कुठे थांबलो, काय खाल्ले, कोण काय बोलले, गाडीला काय झाले, वाटेत कुणी मदत केली, हे कुणी टिपत नाही. जोडीदार गेल्यावर त्याच्या आईवडिलांना, बायकोला, मुलाबाळांना तो घराबाहेर कसा होता हे सांगणारे दुसरे कुणी नसते. दोन पाने लिहिलेली असली तर त्यांना तो माणूस थोडा परत मिळतो.

मागे राहिलेल्या गाडीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. ग्रानादोची नॉर्टन तर चिलीतच सुटली. अमेरिकेत रॉबर्ट पर्सिग याने १९६८ मध्ये मुलगा ख्रिस याला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास केला, आणि त्यातून १९७४ चे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे गाजलेले पुस्तक झाले. १९७९ मध्ये ख्रिस सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंच्या हल्ल्यात मारला गेला. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत बापाने त्यावर उपसंहार लिहिला. ज्या होंडावर दोघे गेले ती पर्सिगने शेवटपर्यंत ठेवली, आणि त्याच्या निधनानंतर ती स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात गेली. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर १९८८ मध्ये अपघातात वारलेल्या ओमसिंह राठोड यांची बुलेट काचेच्या आड ठेवली आहे आणि वाटसरू तिची पूजा करतात. पोलीस ठाण्यात नेलेली गाडी पुन्हा पुन्हा अपघाताच्या जागी सापडली, अशी तिथली श्रद्धा आहे.

सामान्य घरात मात्र गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहते आणि गंजते. घरच्यांना ती विकवत नाही, चालवता येत नाही. बऱ्याचदा ती मित्राला देण्याचे ठरते, आणि घर कोल्हापूरकडे, मित्र निपाणीत असे असले की सीमा आडवी येते. अशा वेळी कागदपत्रांची धावपळ मित्रांनी आपल्याकडे घ्यावी. घरच्यांवर ती टाकू नये. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, नोंदणीपुस्तक, विमा आणि इतर वारसांची संमती लागते. मग वारसाकडून मित्राच्या नावे हस्तांतर नमुना २९ आणि ३० वर होते. गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात कायमची न्यायची तर मूळ कार्यालयाचा, म्हणजे एमएच ०९ असल्यास कोल्हापूरचा, ना हरकत दाखला नमुना २८ वर घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तिथला क्रमांक घेणे बंधनकारक आहे. निपाणीच्या माणसाला त्यासाठी चिकोडीच्या कार्यालयात जावे लागते आणि केए २३ ही पाटी मिळते. तिथे गाडीच्या वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. महाराष्ट्रात आधी भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. त्यासाठी नव्या नोंदणीची प्रत जोडून कोल्हापूरच्या कार्यालयात अर्ज द्यायचा असतो. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर तिची तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण आधी करून घ्यावे, म्हणजे पुढची कामे अडत नाहीत.